एका दुपारची भिंत

पूर्व लंडनमधल्या शॅडवेल स्टेशनातून बाहेर पडून केबल स्ट्रीटवर थोडं चाललं की सेंट जॉर्जेस टाउन हॉल लागतो. एकोणिसाव्या शतकातली नगरसभेची इमारत आहे, समोरून अगदी शांत आणि सभ्य. वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला गेलं की भिंत एकदम अंगावर येते. पोलिसांचे घोडे उधळलेले, माणसांचे हात वर गेलेले, आडवी पाडलेली गाडी, खाट-टेबलांचा ढीग. कुणाच्या हातात निशाण आहे, कुणाची मूठ कुणाच्या जबड्यावर बसते आहे. वरच्या खिडक्यांतून अंडी, दुधाच्या बाटल्या, अवजारं आणि लघवीच्या भांड्यातला ऐवज खाली येतोय. या सगळ्याच्या वर आकाशात एक विचित्र यंत्र तरंगतंय. अर्धं विमान आणि अर्धं हेलिकॉप्टर असावं असं त्याचं रूप.

क्षेत्रफळ सुमारे ३,५०० चौरस फूट. आपल्याकडचे पाच-सहा फ्लॅट उलगडून एका भिंतीवर लावावेत एवढा पसारा. चित्रातली घटना १९३६ मधल्या एका रविवारी दुपारी घडली आणि संध्याकाळपर्यंत संपली. चित्र पुरं व्हायला मात्र सात वर्षं लागली. हे गणित मला चक्रावून टाकतं. एका दुपारसाठी सात वर्षं का लागावीत? शोधत गेलं की कळतं, दुपार संपलीच नव्हती.

आधी रस्त्याचं नाव. केबल म्हणजे जहाजाचा जाड दोरखंड. इथे एक सरळ, मोकळी पट्टी होती आणि तिच्यावर तागाचे दोर ताणून, पीळ देत, जहाजांचे दोरखंड वळले जात. दोर वळायला सरळ जागाच लागते, वळणावर दोर वळता येत नाही. दर्यावर्दी लोक आजही ‘केबल’ हे अंतराचं माप वापरतात. सागरी मैलाचा दहावा भाग, म्हणजे साधारण १८५ मीटर. रस्ता पुढे लांबत गेला आणि नाव तेच राहिलं. दक्षिणेला टेम्सच्या गोद्या, त्यामुळे जगभरचं माणूस इथे उतरायचं. लंडनला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरचे कितीतरी खलाशी आपल्या रत्नागिरीकडचे असत आणि खानपान सांभाळणारे गोव्याचे. इंग्रज त्यांना ‘लॅस्कर’ म्हणत. आपल्या ‘लष्कर’ या शब्दाचाच तो बोटीवर गेलेला भाऊ. कोकणात ‘बोटीवर गेला’ असं ज्यांच्याबद्दल बोललं जाई, त्यांची एक वाट या गोद्यांपर्यंत पोचलेली होती.

पण १९३६ मध्ये या भागात वस्ती मुख्यतः दोघांची. एक आयरिश कॅथलिक, बहुतेक गोदी कामगार. दुसरे ज्यू. रशियन साम्राज्यात त्यांच्यावर हल्ले होऊ लागले तेव्हा पळून आलेले. त्यांच्यातले बरेच शिवणकाम करणारे. आयरिश नदीच्या अंगाला आणि ज्यू उत्तरेला, अशी ढोबळ विभागणी. दोघंही गरीब, आणि दोघांत फार गोडी होती असं समजायचं कारण नाही.

तरी एक जुना धागा होता, आणि तो मला या साऱ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर धागा वाटतो. १९१२ साली ज्यू शिंप्यांनी संप केला आणि जिंकला. त्याच सुमारास गोदी कामगारांचाही संप चालू होता, आणि तो रेंगाळला. घरात खायला नाही, पोरं उपाशी. तेव्हा रुडॉल्फ रॉकर नावाच्या माणसाच्या पुढाकारानं ज्यू कुटुंबांनी गोदी कामगारांची तीनशेहून जास्त मुलं आपल्या घरी नेऊन सांभाळली. रॉकर स्वतः जर्मन, ज्यू नसलेला, पण ज्यू कामगारांत काम करता यावं म्हणून त्यांची यिडिश भाषा शिकलेला. हिशेब करून पाहा. १९१२ मध्ये जी पोरं सहा-सात वर्षांची, ती १९३६ मध्ये तिशीला आलेली.

आता मोस्ले, ज्याच्या मोर्चामुळे ती दुपार घडली. सर ऑस्वाल्ड मोस्ले हा बड्या घरचा, देखणा, वक्ता म्हणून गाजलेला. मजूर पक्षाच्या सरकारात मंत्रीही होऊन गेलेला. त्याची पहिली पत्नी सिंथिया ही आपल्याला चांगल्याच ठाऊक असलेल्या लॉर्ड कर्झनची मुलगी. १९३२ मध्ये त्यानं ‘ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स’ काढली. मुसोलिनीच्या धर्तीवर काळे शर्ट, संचलन, सलामी. मंदी होती, बेकारी होती, आणि दोष द्यायला शेजारी ज्यू होते. संघटनेच्या चौथ्या वाढदिवसाला, रविवारी ४ ऑक्टोबर १९३६ रोजी, गणवेशातल्या दोन-तीन हजार काळ्या शर्टवाल्यांना घेऊन पूर्व लंडनमधून मोर्चा काढायचं त्यानं ठरवलं. ज्या लोकांना तो शिव्या देत होता त्यांच्या दारावरूनच.

लोकांनी आधी अर्ज केला. मोर्चावर बंदी घाला म्हणून सुमारे एक लाख सह्या गृहमंत्र्यांकडे गेल्या. सरकारनं नकार दिला. ज्यू समाजातल्या प्रतिष्ठित पुढाऱ्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, घरात बसा, दारं लावून घ्या. कम्युनिस्ट पक्षानं त्याच दिवशी यादवी युद्धात सापडलेल्या स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या समर्थनार्थ ट्रॅफल्गार चौकात सभा ठेवली होती. खालून दबाव आल्यावर ऐन वेळी बेत बदलला. म्हणजे वरच्या कुणाचीच, सरकारची म्हणा की समाजाच्या नेत्यांची, या दुपारला मंजुरी नव्हती. भिंतीवर एकही पुढारी ठळक का दिसत नाही, याचं उत्तर मला इथे सापडतं. चित्रकारांनी पुढारी वगळले असं म्हणण्यापेक्षा ते तिथे नव्हतेच म्हणणं अधिक खरं.

त्या दिवशी किती लोक रस्त्यावर आले याचे आकडे वीस हजारांपासून तीन लाखांपर्यंत सांगितले जातात. पोलीस सहा-सात हजार, त्यांत घोडेस्वारही. ऑल्डगेटजवळच्या गार्डिनर्स कॉर्नरपाशी माणसं इतकी दाटली की मोर्चाला वाट उरली नाही. एका ट्राम-चालकानं आपली ट्राम मध्येच उभी केली आणि उतरून निघून गेला; एवढं केल्यावर ती जागा भिंतीसारखीच झाली. मग पोलिसांनी दक्षिणेची पर्यायी वाट मोकळी करायचं ठरवलं. ती वाट होती केबल स्ट्रीट.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण ऐकीव गोष्टींत ती हरवते. केबल स्ट्रीटवरची झटापट काळ्या शर्टवाल्यांशी झालीच नाही. ते टॉवर ऑफ लंडनच्या बाजूला, रॉयल मिंट स्ट्रीटवर रांगा करून थांबले होते. लढत झाली ती त्यांना वाट करून देणाऱ्या पोलिसांशी. म्हणून भिंतीवर घोडे आहेत, हेल्मेटं आहेत, दंडुके आहेत. आणि आकाशातलं ते यंत्र पोलिसांचं ऑटोजायरो. वरचं पातं इंजिनावर न चालता वाऱ्यानं फिरतं आणि यंत्राला उचलून धरतं. गर्दीवर आकाशातून नजर ठेवायला लंडनच्या पोलिसांनी तीसच्या दशकात ते वापरलं. आज डोक्यावर ड्रोन घोंगावतो त्याचा हा आजोबा.

लोकांकडे काय होतं? अरुंद रस्ता, दगडी फरस, आणि घरातलं सामान. एक ट्रक आडवा पाडला, त्यावर गाद्या, खुर्च्या, फळ्या रचल्या. आणि गोट्या. पोरांच्या खेळातल्या गोट्या.

गोट्यांपाशी मी जरा थांबणार आहे. पोलिसी घोडा म्हणजे पाचशे किलोंच्या आसपासचा देह. तो चार लोखंडी नालांवर उभा असतो, आणि चालताना त्यातले दोन-तीनच जमिनीला टेकलेले. लोखंड आणि घासून गुळगुळीत झालेला दगड यांच्यात मुळात पकड कमी. पावसात तर घोडे अशा रस्त्यावर तसेही घसरतात. आता त्या दोघांमध्ये एक गोल, कडक मणी आला. घसरण्याच्या घर्षणाची जागा लोळण्यानं घेतली. लोळणाऱ्या वस्तूला अडवायला फारसं काही लागत नाही आणि पुढे ढकलायला तर त्याहून कमी. सायकलच्या चाकात छर्रे जे काम करतात तेच काम गोट्या घोड्याच्या पायाखाली करतात. पाय कुठे जाईल हे घोड्याला ठरवता येत नाही, आणि आपला पाय आपल्या ताब्यात नाही हे कळताच घोडा बिचकतो. ज्या जनावराच्या नुसत्या छातीनं शंभर माणसं मागे रेटता येतात, ते बाद करायला शाळकरी पोराचा खिसा पुरतो. हे कुणी प्रयोगशाळेत शोधलं नव्हतं. रस्त्यावर खेळून मोठं झालेल्यांना ते माहीत होतं, एवढंच. घोड्याचे हाल झाले असतील, तेही खरं.

आणि खिडकीतून रिकामं होणारं ते भांडं. पाहणारा हसतो, पण त्याच्यात एका काळाचं घर सामावलं आहे. पूर्व लंडनच्या त्या घरांत संडास खाली, परसात, आणि तोही कित्येक कुटुंबांत मिळून एक. रात्री माडीवरून अंधारात खाली कोण उतरणार? म्हणून खाटेखाली भांडं, आणि तेही घरोघर. इथला इतिहास लिहिणारा भाडं, गर्दी, पाणी, आरोग्य यांवर प्रकरणं लिहील. चित्रकाराला एक भांडं पुरलं. शिवाय ते उलटं करणारे हात घरातल्या बाईचे. खालच्या बॅरिकेडवर पुरुष जास्त दिसले तरी वरची फळी बायकांनी लढवली.

घोषणा होती स्पेनची. ‘नो पासारान’, म्हणजे ते इथून जाणार नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये माद्रिदहून कम्युनिस्ट नेत्या डोलोरेस इबारुरीनं ती जगभर पोचवली आणि ऑक्टोबरात ती पूर्व लंडनच्या भिंतींवर खडूनं लिहिलेली होती. कॅथलिक धर्मसत्तेचा कल स्पेनमध्ये प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोकडे असताना आयरिश गोदी कामगार ज्यूंच्या बाजूनं बॅरिकेडवर उभे राहिले, याचं मोल त्यातून कळतं. शेवटी पोलीस आयुक्त सर फिलिप गेम यांनी मोस्लेला मोर्चा सोडून द्यायला सांगितलं. काळे शर्टवाले उलट दिशेला, पश्चिमेकडे गेले आणि नदीकाठच्या रस्त्यावर पांगले. दीडशेच्या आसपास माणसं पकडली गेली, आणि त्यांत बहुसंख्य मोर्चा अडवणारेच. दोनच दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, मोस्लेनं बर्लिनमध्ये डायना मिटफर्डशी गुपचूप लग्न केलं. जागा हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याचं घर आणि पाहुण्यांत हिटलर. चित्रातली दुपार आणि ते लग्न यांच्यात अठ्ठेचाळीस तासांचं अंतर आहे, हे प्रथम वाचलं तेव्हा मी तारखा पुन्हा पडताळून पाहिल्या होत्या.

मग चाळीस वर्षं ही गोष्ट मुख्यतः तोंडातोंडी राहिली. स्वयंपाकघरात, पबमध्ये, सभांत. १९७६ मध्ये डेव्ह बिनिंग्टन या चित्रकारानं ती भिंतीवर आणायचं मनावर घेतलं. लंडनमध्ये तेव्हा भित्तिचित्रांची लाट होती. ज्या वस्तीतल्या लोकांना चित्रशाळांचे उंबरे परके वाटत, त्यांच्या गल्लीत चित्र न्यायचं, असा तो विचार. बिनिंग्टननं डेस्मंड रॉचफर्टबरोबर रॉयल ऑक इथे उड्डाणपुलाखाली प्रचंड चित्रं केली, आणि दोघांवरही मेक्सिकोच्या भित्तिचित्रकारांची छाया होती. रॉचफर्टनं पुढे रिव्हेरा, ओरोस्को आणि सिकेरोस यांच्यावर पुस्तकच लिहिलं. मेक्सिकोत क्रांतीनंतर, १९२० च्या दशकात, सरकारी इमारतींच्या भिंती या लोकांच्या हाती आल्या. शेतकरी, मजूर, मूळ रहिवासी हे सगळे तिथे राजवाड्याच्या आकारात रंगले. तो धडा केबल स्ट्रीटवर उतरला.

बिनिंग्टननं आधी माणसं शोधली. त्या दुपारी जे तिथे होते त्यांच्याशी बोलला, जुनी छायाचित्रं आणि वर्तमानपत्रं जमवली. गल्लीतल्या लोकांचे चेहरे चित्रातल्या गर्दीत आले. म्हणजे सत्तरच्या दशकातली एखादी शेजारीण १९३६ च्या गर्दीत उभी राहिली. असं चित्र भिंतीवर लागलं की ते कुणाचं, हा प्रश्न उरत नाही. पोरगं बोट दाखवून सांगतं, ही बघ आपली आजी.

रचनाही पाहण्यासारखी आहे. शाळेत आपण शिकतो तो यथादर्शनाचा नियम म्हणजे रस्त्याच्या दोन्ही कडा दूर एका बिंदूत मिळतात आणि पाहणारा बाहेर, खिडकीतून पाहिल्यासारखा उभा असतो. इथे तसं नाही. चिंचेनं घासून लख्ख केलेल्या पितळी तांब्यात आपलं तोंड पाहा. मधला भाग फुगून पुढे येतो, कडेची भिंत, दार, छप्पर सगळं वाकून आपल्याभोवती गोळा होतं. केबल स्ट्रीटचं चित्र त्या तांब्यासारखं आहे. दोन्ही बाजूंची घरं कमानीसारखी वाकली आहेत आणि गर्दी मधून बाहेर फुगली आहे. परिणाम असा की पाहणाऱ्याला बाहेर उभं राहायला जागाच मिळत नाही. तुम्ही कुठेही थांबा, दंडुक्याच्या टप्प्यातच असता. उंच भिंतीखाली मान वर करून पाहणाऱ्यासाठी ही युक्ती फारच चपखल आहे.

काम चालू झालं, आणि इथून भिंतीची स्वतःची गोष्ट सुरू होते.

१९७६ पर्यंत वस्ती पुन्हा बदललेली होती. बरेच ज्यू उत्तरेकडच्या उपनगरांत गेले होते आणि त्यांच्या शिवणाच्या खोल्यांत सिल्हेटहून आलेले बंगाली बसत होते. जवळच्या ब्रिक लेन या रस्त्यावरची एक इमारत ही सगळी ये-जा सांगते. १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या ह्युगेनॉट प्रोटेस्टंटांनी बांधलेलं चर्च, नंतर मेथडिस्टांचं, १८९८ पासून ज्यूंचं सिनेगॉग आणि १९७६ पासून मशीद. बिनिंग्टननं भिंतीचा विचार सुरू केला तेच हे वर्ष. आणि काळ्या शर्टांऐवजी आता नॅशनल फ्रंट ही वर्णद्वेषी संघटना होती. तिचे लोक रविवारी ब्रिक लेनच्या टोकाला उभे राहून वर्तमानपत्र विकत. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी अल्ताब अली हा कापडकामगार कामावरून घरी निघाला होता. व्हाइटचॅपलमध्ये, सेंट मेरीच्या बागेजवळ, त्याचा खून झाला. वय पंचविशीचं. दहा दिवसांनी सात हजारांच्या आसपास माणसं त्याच्या शवपेटीमागून मध्य लंडनपर्यंत चालत गेली. त्या बागेला आज अल्ताब अली पार्क म्हणतात. चित्राची परांची ज्या गल्लीत उभी राहणार होती तिथून ही जागा चालत जाण्याइतकी जवळ.

त्यामुळे पुढे जे झालं त्याचं आश्चर्य वाटायला नको. तरी मला ते वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, चित्र अर्धवट असतानाच, रात्रीतून भिंतीवर वर्णद्वेषी घोषणा फासल्या गेल्या. १९३६ मध्ये जे या रस्त्यातून जाऊ शकले नव्हते त्यांचे वारसदार आता रस्त्याच्या चित्रातून जायला बघत होते. बिनिंग्टन इतका विषण्ण झाला की त्यानं काम सोडलं. मी त्याला नावं ठेवू शकत नाही. वर्षानुवर्षं जमवलेल्या चेहऱ्यांवर रंग ओतलेला पाहणं सोपं नसणार.

पॉल बटलर, रॉचफर्ट आणि रे वॉकर या तिघा चित्रकारांनी काम हाती घेतलं. खालच्या भागाची रचना बदलली आणि १९८३ मध्ये भिंत पुरी केली. रे वॉकर पुढच्याच वर्षी गेला. डॅल्स्टनमधल्या ‘हॅकनी पीस कार्निव्हल’ या भित्तिचित्राचा आराखडा त्यानं करून ठेवला होता. तो त्याची पत्नी ॲना वॉकर आणि मिक जोन्स यांनी १९८५ मध्ये भिंतीवर उतरवला. या धंद्यात एकाचा कुंचला दुसऱ्यानं उचलणं ही रीतच आहे.

आता रंगाबद्दल, कारण लंडनच्या पावसाधुरात चित्र चाळीस वर्षं टिकतं तेव्हा त्यामागे रसायनशास्त्र असतं. साधा रंग भिंतीवर कातडीसारखा बसतो. आत ओल साचली की कातडी सुटते. आपल्या पावसाळ्यात पोपडे धरलेल्या भिंती आठवा. अजिंठ्यात माती, तूस, तंतू यांचा गिलावा वाळवून वर डिंकासारख्या चिकट माध्यमात रंग लावले. गुंफेच्या आडोशाला ते टिकले, उघड्या पावसात टिकले नसते. इटलीची फ्रेस्को पद्धत ओल्या चुन्यावरची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकतात. ती उत्तरेच्या थंड, दमट, धुरकट हवेत खराब होई. यावर बव्हेरियातल्या अॅडॉल्फ विल्हेल्म काइमनं १८७८ मध्ये उपाय शोधला. त्यानं खनिज रंग पोटॅशियमच्या ‘जलकाचे’त कालवले. जलकाच म्हणजे पाण्यात विरघळलेली काच. हे मिश्रण गिलाव्यात मुरतं, त्यातल्या चुन्याशी आणि हवेशी त्याची क्रिया होते आणि सिलिकेटचं जाळं तयार होऊन रंग भिंतीचाच भाग बनतो. वर कातडी नसल्यामुळे भिंतीला श्वास घेता येतो. स्वित्झर्लंडमधल्या श्वीत्स गावच्या नगरसभागृहावर १८९१ मध्ये या रंगांत काढलेली चित्रं सव्वाशे वर्षांनीही उभी आहेत. केबल स्ट्रीटची भिंत आधी खास गिलावा करून घेतलेली आणि रंग काइमच्या पद्धतीचे. दोरखंड वळणाऱ्यांच्या गल्लीतली ही गर्दी खरोखर दगड झालेली आहे.

पण दगडावरही रंग फेकता येतो. १९८५ मध्ये आणि पुढे नव्वदच्या दशकात भिंतीवर पुन्हा हल्ले झाले. दर वेळी डागडुजी झाली. २०११ मध्ये, त्या दुपारला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, पॉल बटलर पुन्हा परांचीवर चढला आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्वतः रंगवलेल्या माणसांना त्यानं पुन्हा रंग दिला.

भिंत सगळं सांगत नाही, आणि हे मला भिंतीच्या प्रेमापोटीच नोंदवावंसं वाटतं. चित्र जिथे संपतं त्यानंतरच्या रविवारी माइल एंड रस्त्यावर फॅसिस्ट टोळक्यांनी ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या, माणसांना मारलं. दुपार जिंकली म्हणून आठवडा जिंकला नव्हता. १ जानेवारी १९३७ पासून नवा कायदा लागू होऊन राजकीय गणवेशावर बंदी आली. तरी मार्चमध्ये लंडन काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत बेथनल ग्रीनमध्ये मोस्लेच्या उमेदवारांना पाचातलं एक मत तरी मिळालंच. जागा एकही नाही, पण मतं होती, आणि ती देणारे शेजारीच होते.

त्या शेजाऱ्यांचं काय झालं, याचा एक प्रसंग फिल पिरॅटिननं आपल्या आठवणींत नोंदवला आहे. पिरॅटिन हा इथला ज्यू कम्युनिस्ट कार्यकर्ता, १९४५ मध्ये माइल एंडचा खासदार झालेला. १९३७ च्या उन्हाळ्यात पॅरागॉन मॅन्शन्स नावाच्या भाड्याच्या इमारतीतून दोन कुटुंबांना बाहेर काढायची नोटीस निघाली. दोघंही मोस्लेचे सभासद. मोस्लेवाले मदतीला आले नाहीत. पिरॅटिन आणि त्याचे सोबती आले. भाडेकरूंना जमवलं, दारात आडकाठी उभी केली आणि घरं वाचवली. त्या कुटुंबांनी मोस्लेच्या संघटनेची सभासदपत्रं फाडून टाकली. हा प्रसंग कुणी कसा रंगवणार? त्यात घोडा नाही, उडती बाटली नाही. जिन्यावर बसून राहिलेली माणसं आणि फाटलेला एक कागद, एवढंच. मला एखादी छोटी भिंत या जिन्यासाठीही हवी होती.

९ ऑक्टोबर २०१६ रोजी ऐंशी वर्षं झाल्याबद्दल मिरवणूक निघाली. ती अल्ताब अली पार्कात जमली, तिथून चालत केबल स्ट्रीटवर आली आणि भिंतीशेजारच्या बागेत सभा झाली. ज्यू, आयरिश, बंगाली, कामगार संघटनांची जुनी कापडी निशाणं. त्यांत मॅक्स लेविटास होते. १९३६ च्या त्या रविवारी ते एकवीस वर्षांचे होते आणि एका नाक्यावरच्या बातम्या दुसऱ्या नाक्यावर पोचवत धावत होते. आता वय १०१. पुढे दोन वर्षांनी ते गेले. त्या दिवशी मात्र ते आले होते, आणि त्यांच्या मागे भिंतीवर घोडे अजून उधळलेलेच होते, खिडकीतली बाई अजून भांडं उलटं धरून होती, आणि फेकलेलं अंडं हवेतच होतं.